लॅम्बिक चाखताना: आंबटपणाच्या आत काय काय दडलेले असते

बेल्जियमच्या लॅम्बिक बिअरवर लिहिलेली बहुतेक परीक्षणे ‘आंबट’ या एका शब्दापाशी येऊन अडतात. कुणी तो तक्रारीच्या सुरात वापरतो, कुणी कौतुकाच्या. पण लिंबू, ताक, व्हिनेगर आणि हिरवे सफरचंद हे चारही आंबटच असतात आणि चौघांचा आंबटपणा वेगवेगळ्या आम्लांतून आलेला असतो, हे लक्षात घेतले तर नुसते ‘आंबट’ म्हटल्याने वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. लॅम्बिकमध्ये निदान दोन आम्ले एकत्र नांदतात, त्यांच्या जोडीला लाकडाचा तुरटपणा, जुन्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा, मंद कडवटपणा आणि काही चमत्कारिक वास येतात, आणि यातली जवळजवळ प्रत्येक छटा बिअर बनण्याच्या एखाद्या ठरावीक टप्प्यावर तिच्यात शिरलेली असते. कोणती छटा कुठून आली हे ओळखता येऊ लागले की मतामागे कारण देता येते, आणि कारण असलेले मत दुसऱ्याच्या उपयोगी पडते. म्हणून चाखण्याच्या रीतीकडे वळण्याआधी ही बिअर बनते कशी, ते जरा सविस्तर पाहू.

लॅम्बिकचे घर म्हणजे ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैऋत्येला झेन नदीच्या खोऱ्यालगत पसरलेला पायोटेनलँड हा शेतीचा प्रदेश. ब्रसेल्समधल्या अँडरलेख्ट भागातली कान्तियों, लेंबेक गावातली बोन, व्लेझेनबेकची लिंडेमन्स, बेर्सेलची द्री फोंटाइनेन ही या पट्ट्यातल्या लॅम्बिक कारखान्यांची ठळक नावे. धान्य म्हणून साधारण दोन तृतीयांश बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, आणि निदान ३० टक्के कच्चा, म्हणजे मोड न आणलेला, गहू घेतात. त्यातून जो गोड काढा निघतो, त्याला या धंद्यातले लोक वर्ट म्हणतात, आणि लॅम्बिकचे वर्ट जाणूनबुजून गढूळ ठेवलेले असते. नेहमीच्या यीस्टला पचणार नाही असे पिष्ट आणि लांब साखळ्यांची शर्करा त्यात मुद्दाम राहू देतात, कारण पुढची दोन-तीन वर्षे पिंपात काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना तोच शिधा पुरवायचा असतो.

हे वर्ट कित्येक तास उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात ते एक ते तीन वर्षे साठवून जुने केलेले. ताज्या हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध साठवणीत बराच उतरतो, पण जिवाणूंना आवर घालण्याचा त्यांचा गुण बऱ्याच अंशी टिकून राहतो, आणि इथे तोच हवा असतो. इतर बिअरमध्ये हॉप्स चवीसाठी असतात, इथे ते पहारेकरी म्हणून असतात. मात्र त्यातूनच कधीकधी चीजसारखा एक हलका वास बिअरमध्ये येतो. नवख्या चाखणाऱ्याला तो दोष वाटतो, पण थोड्या प्रमाणात असेल तर त्याला दोष मानू नये.

आता सगळ्यात वेगळा टप्पा. कान्तियोंमध्ये उकळलेले गरम वर्ट पंपाने थेट माळ्यावर चढवतात. तिथे छपराखाली तांब्याची एक रुंद, उथळ परात बसवलेली आहे, सुमारे ७,५०० लिटर वर्ट मावेल एवढी. वर्टचा थर पातळ आणि पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ते रातोरात निवते. छपरातल्या फटींमधून आणि झडपांमधून बाहेरची थंड हवा आत येत राहते आणि तिच्याबरोबर यीस्ट आणि जिवाणूही येतात. तुळयांवरची कोळिष्टके तिथे कुणी झाडत नाही, कारण फळांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी परस्पर करतात. सकाळी वर्ट जेमतेम कोमट उरलेले असते, आणि मग ते खाली पिंपांत सोडतात. बाहेरून यीस्टचा एक थेंबही घातलेला नसतो. इडलीचे पीठ जसे विरजणाशिवाय, धान्यात आणि भोवताली असलेल्या जीवांवर आपोआप फुगते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इडलीचे पीठ एका रात्रीत तयार होते आणि लॅम्बिकला वर्षे लागतात.

सगळे श्रेय हवेला देणे मात्र बरोबर नाही. लॅम्बिकवरच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून असे दिसते की, पिढ्यान्पिढ्या वापरल्या गेलेल्या पिंपांच्या लाकडात मुरलेले जीवही या कामात मोठा वाटा उचलतात. म्हणून नवे पिंप आणले तर त्याच कारखान्याची त्याच रात्रीची बिअर वेगळी लागू शकते. हवामानाचा भाग मात्र खराच आहे. रात्री पुरेशा थंड नसतील तर वर्ट हळू निवते आणि नको ते जिवाणू माजतात, त्यामुळे हे काम ढोबळमानाने ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच करतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री अवेळी उबदार राहिल्या, तेव्हा कान्तियोंला ठरलेले काम थांबवावे लागले होते. हवामान बदलाची झळ बिअरला कशी लागते, त्याचे इतके थेट उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही.

पिंपात पुढे जे घडते ते पाळीपाळीने घडते, आणि चाखणाऱ्याने ही क्रमवारी ध्यानात ठेवावी. पहिले काही आठवडे आतड्यांतल्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू सक्रिय असतात. त्या काळातल्या द्रवाचा वास घेण्यासारखा नसतो. मग सॅकरोमायसिस, म्हणजे पाव आणि नेहमीची बिअर ज्यावर चालते ते यीस्ट, बहुतेक साखर खाऊन मद्यार्क तयार करते. उन्हाळा आला की पेडिओकोकस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. ताकाला आंबटपणा देणारे आम्ल हेच. याच काळात बिअर कधीकधी तेलासारखी तार धरते आणि बुळबुळीत होते; कारागीर तिला ‘आजारी’ म्हणतात आणि शांतपणे वाट पाहतात, कारण पुढच्या पाळीला येणारे ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट तो चिकट पदार्थ मोडून टाकते.

ब्रेटॅनोमायसिस हा या नाटकातला खरा नायक, असे माझे मत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये त्याला नाव दिले ते इंग्रजी बिअरच्या संदर्भात, पण त्याचे राज्य खरे लॅम्बिकमध्ये आहे, आणि त्याच्या एका जातीच्या नावात ब्रसेल्स कायमचे कोरले गेले आहे. इतरांना न पचलेली शर्करा ते महिनोन्महिने सावकाश खात राहते, आणि त्यामुळेच पुरी मुरलेली लॅम्बिक जवळजवळ साखरविरहित, कोरडी होते. त्याच्या कामातून जे वास तयार होतात त्यांना इंग्रजी लिहिणारे ‘घोड्याच्या पाठीवरची घोंगडी’ म्हणतात. घोड्याशी रोजचा संबंध नसलेल्या आपल्यासारख्या माणसाने ती उपमा उसनी घेण्यात अर्थ नाही. चामड्याचे नवे पाकीट, वाळलेला कडबा, गोठा, क्वचित लवंग किंवा धूर, यांतले जे खरोखर जाणवेल ते लिहावे.

दुसरे आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल. ते प्राणवायू मिळाला तरच वाढते. पिंपाच्या लाकडातून हवेची थोडीफार ये-जा होतच असते, पण बिअरच्या पृष्ठभागावर यीस्टचा एक पातळ पापुद्रा धरतो आणि तो बराचसा बचाव करतो. हा बचाव तोकडा पडला की व्हिनेगर वर डोके काढते. या दोन आम्लांतला फरक तोंडाने शिकता येतो. लॅक्टिक आम्ल जिभेच्या दोन्ही कडांवर पसरते, गोलसर आणि मऊ लागते. ॲसेटिक आम्ल आधी नाकाला कळते, मग घशाशी ओरखडा काढते. चांगल्या लॅम्बिकमध्ये पहिले ठळक असते आणि दुसरे चिमूटभर. हे प्रमाण उलटे झाले असेल तर ‘धाडसी आंबट’ वगैरे म्हणून त्याची वाखाणणी करू नये. बिअर व्हिनेगरकडे झुकली आहे, असे सरळ लिहावे.

पिंपातली निव्वळ लॅम्बिक पोटात वायू न साठवलेली, सपाट असते, आणि ती तशीच मातीच्या घड्यातून ओतून देण्याची पद्धत अजून काही ठिकाणी टिकून आहे. बाटलीत जी फसफसणारी बिअर मिळते ती गूझ. एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून गूझ बनते. तरुण लॅम्बिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीतच पुन्हा किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, होऊन वायू तयार होतो. जुनी लॅम्बिक खोली आणि सुगंध देते. मिश्रण जुळवणे ही स्वतंत्र कला आहे, इतकी की टिलकीन आणि हान्सेन्ससारखी काही घराणी दुसऱ्यांकडून वर्ट किंवा लॅम्बिक विकत घेऊन केवळ मुरवणे आणि जुळवणे एवढेच करत आली आहेत. बाटलीतले हे दुसरे किण्वन नाजूक असते. २००९ च्या मे महिन्यात द्री फोंटाइनेनच्या गोदामातला तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला, खोली भलतीच तापली आणि हजारो बाटल्या फुटल्या किंवा बिघडल्या. घराण्याचे प्रमुख अर्मां देबेल्देर यांनी उरलेल्या बिअरचे ऊर्ध्वपातन करून मद्य काढले आणि पुन्हा उभारी धरली.

बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय परीक्षण लिहू नये, कारण या क्षेत्रात एकाच नावाखाली दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ‘आउडे गूझ’ आणि ‘आउडे क्रीक’ (क्रीक म्हणजे चेरी घातलेली लॅम्बिक) ही नावे युरोपीय संघाने १९९७ पासून पारंपरिक पद्धतीची खूण म्हणून संरक्षित केली आहेत: त्यातली सर्वांत जुनी लॅम्बिक लाकडी पिंपात तीन वर्षे मुरलेली असावी लागते, मिश्रणाचे सरासरी वय निदान एक वर्ष असावे लागते, आणि बाटलीत किण्वन झालेले असावे लागते. नुसते ‘गूझ’ किंवा ‘क्रीक’ लिहिले असेल तर आत लॅम्बिक असते, पण ती गाळलेली, पाश्चराइझ केलेली आणि गोड केलेली असू शकते. लिंडेमन्सची प्रसिद्ध लाल क्रीक अशीच गोड आहे, मद्यार्क ३.५ टक्के, त्याच घराण्याची क्युवे रने नावाची गूझ मात्र कोरडी आणि पारंपरिक आहे. गोड क्रीकला नाके मुरडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते: कोरड्या गूझला गिऱ्हाईक नव्हते, त्या दशकांत बऱ्याच कारखान्यांची चूल या गोड बाटल्यांवरच पेटत राहिली. मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजणे हा उघड अन्याय आहे.

फळांच्या लॅम्बिकबाबत सर्वाधिक गैरसमज इथूनच सुरू होतो. पारंपरिक क्रीकमध्ये आंबट चेरी लिटरमागे साधारण २०० ते ४०० ग्रॅम या प्रमाणात थेट पिंपात किंवा टाकीत पडते, आणि काही महिने त्यातच राहते. फळातली साखर यीस्टला मिळताच किण्वन पुन्हा जोर धरते आणि ती सगळी साखर संपते. उरतात ते फळाचे आम्ल, रंग, सालीचा तुरटपणा आणि सुगंध. म्हणून ‘चेरीची बिअर असून गोड नाही’ ही तक्रार पारंपरिक क्रीकला लावता येत नाही. चेरीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. फळ आठीसकट टाकल्यामुळे आठीतला बदामासारखा वास बिअरमध्ये उतरतो, आणि जिभेवर चेरी मावळल्यानंतरही तो रेंगाळतो. पूर्वी यासाठी ब्रसेल्सच्या स्खारबेक भागाच्या नावाने ओळखली जाणारी छोटी, आंबट चेरी वापरत. आता तिची झाडे फार थोडी उरली आहेत आणि बहुतेक चेरी दुसरीकडून येते.

रास्पबेरी, जर्दाळू आणि द्राक्ष यांचेही प्रयोग होतात. कान्तियोंची ‘फू फून’ जर्दाळूची आहे आणि ‘सें-लाम्विनुस’ द्राक्षाची. फळानुसार वेळेचे भान वेगळे ठेवावे लागते. गूझ थंड, अंधाऱ्या खोलीत दहा-वीस वर्षे टिकते आणि बदलत राहते. रास्पबेरीचा ताजा सुगंध मात्र फार काळ तग धरत नाही, आणि जर्दाळूही अल्पायुषीच. जुनी झालेली रास्पबेरी लॅम्बिक पिऊन ‘फळ कुठे आहे’ असे विचारणे म्हणजे चुकीच्या वेळी प्रश्न विचारणे होय. फळाची बिअर ताजी असताना प्यावी, आणि साठवायचीच असेल तर गूझ साठवावी.

आता प्रत्यक्ष चाखणे. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आडव्या ठेवलेल्या बाटलीसाठी बेल्जियममध्ये वेताची तिरकी टोपली वापरतात, तिच्यातून ओतताना गाळ हलत नाही. वायूचा दाब शॅम्पेनच्या जवळपास जाऊ शकतो, म्हणून बूच अंगठ्याने उडवू नये. ते हातात घट्ट धरून बाटली फिरवावी. तापमान १२ ते १४ अंश असावे. फ्रिजमधून काढलेल्या बर्फगार गूझमध्ये फक्त आम्ल जाणवते, वास दबून जातो, आणि मग परीक्षणात पुन्हा तो एकच शब्द उरतो. ग्लास वाइनचा किंवा ट्युलिपच्या आकाराचा, स्वच्छ आणि साबणाचा अंश नसलेला असावा, आणि तो एक तृतीयांशच भरावा.

एक चांगली आउडे गूझ ग्लासात कशी वागते ते जवळून पाहू. रंग सोनेरी ते फिकट नारिंगी, किंचित धुरकट. फेस पांढरा आणि उंच येतो, पण आम्लामुळे तो लवकर बसतो. हा दोष नव्हे. पहिल्या हुंगण्यात गवत, लिंबाची साल, ओल्या दगडासारखा काहीतरी वास. ग्लास थोडा फिरवला की चामडे आणि गोठा वर येतो. पहिला घोट फक्त जिभेला तयार करण्यासाठी असतो आणि त्यावरून काहीही लिहू नये, कारण त्या क्षणी तोंडाला आम्लाचाच धक्का बसलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला आम्ल मागे सरते आणि धान्य, लाकडाचा तुरटपणा, शेवटाकडे येणारा जुन्या हॉप्सचा कडवटपणा हे एकेक करून सुटे होतात. मद्यार्क बहुधा ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो जाणवू नये. घोट गिळल्यावर तोंड कोरडे पडते, आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो की टाळावासा वाटतो, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात प्रामाणिक निकष आहे.

दोषांची ओळख यापेक्षा अवघड आहे, कारण इथे गोठ्याचा वास चालतो पण काही इतर वास चालत नाहीत. नखांच्या पॉलिशसारखा किंवा रंगाच्या दुकानासारखा झणझणीत वास इथाइल ॲसेटेटचा असतो. तो ॲसेटिक आम्लाबरोबर वाढतो आणि थोडा असेल तर फळासारखा, जास्त असेल तर असह्य वाटतो. उलटीची आठवण करून देणारा वास म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यावर काहीतरी बिघडल्याचे लक्षण. आणि सर्वांत फसवा दोष म्हणजे उंदरांच्या पिंजऱ्यासारखी किंवा शिळ्या पोह्यांसारखी चव. आम्लयुक्त बिअरमध्ये हे द्रव्य हवेत उडत नाही, त्यामुळे ते ग्लासात हुंगून कळतच नाही. गिळल्यानंतर लाळेमुळे आम्लता उतरली की काही क्षणांनी ते जिभेच्या मागच्या बाजूला उगवते. काही माणसांना ही चव जाणवतच नाही. त्यामुळे एकाच टेबलावर एक जण तोंड वाकडे करतो आणि दुसरा मजेत पीत राहतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. बाटली नव्याने भरलेली असेल तर हा दोष काही महिन्यांत ओसरण्याची शक्यता असते. परीक्षणात तसे नमूद करावे.

आंबट बिअर म्हणजे लॅम्बिकच, असेही नाही. बेल्जियमच्याच पश्चिम फ्लँडर्समधली रोडेनबाख मोठ्या उभ्या लाकडी टाक्यांत मुरते, तिच्यात ॲसेटिक आम्लाचा वाटा जाणीवपूर्वक जास्त असतो आणि माल्टचा गोडवा त्याला तोलून धरतो. तिथे व्हिनेगरची छटा दोष ठरत नाही. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये ‘सावर’ म्हणून जी फळांची बिअर मिळते, ती सहसा भांड्यातच लॅक्टिक जिवाणू सोडून दिवस-दोन दिवसांत आंबवलेली, मग उकळून नेहमीच्या यीस्टने तयार केलेली असते. कोकम किंवा पेरू घालून केलेली अशी बिअर उन्हाळ्यात छान लागते, पण तिच्यात ब्रेटॅनोमायसिस नसतो, पिंप नसते आणि वर्षेही नसतात. तिच्यात लॅम्बिकची खोली शोधू नये, तसेच तिच्या स्वच्छ, एकसुरी आंबटपणाची सवय घेऊन गूझला गोंधळलेली म्हणू नये.

परीक्षण लिहिताना बाटलीत भरल्याचे वर्ष, बाटली कुठे आणि किती काळ ठेवली होती, ती कोणत्या तापमानाला उघडली आणि गाळ ओतला की नाही, एवढे तरी लिहावे. दोन हंगामांच्या मिश्रणांत फरक पडणे इथे स्वाभाविक आहे. एकाच खेपेच्या दोन बाटल्याही सारख्या निघतील याची हमी नसते. ओळीने चाखायचे असेल तर कोरडी गूझ आधी आणि गोड क्रीक शेवटी ठेवावी, कारण गोडावर आम्ल घेतले की ते दुप्पट बोचते. मध्ये साधा पाव आणि पाणी असावे. ब्रसेल्सच्या आसपासच्या कॅफेंत गूझबरोबर मऊ पांढऱ्या चीजचा थर लावलेला पाव आणि मुळ्याच्या चकत्या देतात, आणि त्या जोडीपुढे आम्लाची धार खरोखरच बोथट होते.

गुण देण्याच्या बाबतीत सावध राहावे, विशेषतः दुर्मीळ बाटलीच्या बाबतीत. महागडी, सहजासहजी न मिळणारी बाटली दहा जणांत वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन घोट येतात, आणि मिळाल्याच्या आनंदातच गुणांचा आकडा फुगतो. त्या तेवढ्या घोटांत आम्लाचा पहिला धक्काही धड ओसरलेला नसतो. दुकानात नेहमी मिळणारी साधी आउडे गूझ पूर्ण ग्लासभर, अर्धा-पाऊण तास लावून, ती हळूहळू कोमट होत असताना प्यावी आणि मगच लिहायला बसावे. निदान ती बिअर तरी पूर्णपणे चाखलेली असेल.